हेरॉन लेनचा बिडाचा हंडा

तीन पाय, दोन कान, आणि पोट एवढं मोठं की दोन लेकरं आत बसून लपतील. मित्रांनो, मी बिडाचा एक जुना हंडा आहे. माझं वय मला नक्की ठाऊक नाही. अमेरिकेतल्या सव्हाना शहरात आज ज्यांना म्हातारे म्हणतात, त्यांच्या पणजीच्या आईने माझ्यात कपडे उकळले आहेत. यावरून काय तो अंदाज करा.

वितळलेलं लोखंड वाळूच्या साच्यात ओतून मला घडवलं आणि होडीत घालून नदीकाठच्या एका भाताच्या मळ्यावर नेलं. मळा गोऱ्या मालकाचा होता. राबणारी माणसं काळी होती, आणि तीही मालकाचीच होती, जसा मी होतो. माझ्यात मालकाचे कपडे उकळत, हिवाळ्यात साबण शिजे, डुकराची चरबी वितळे. माझ्याखाली जाळ घालणाऱ्या बाईचं नाव बायना होतं.

त्या मळ्यावर देवाचं नाव घ्यायलाही मालकाची परवानगी लागत असे. चार माणसं आपली आपण जमून प्रार्थना करताना सापडली, तर पाठीवर चाबूक बसे. म्हणून ती माणसं जमायची तेव्हा बायना मला झोपडीच्या दारात पालथं घालायची. आत सगळी हलक्या आवाजात गायची, रडायची. त्यांची समजूत अशी होती की आवाज बाहेर न जाता माझ्या पोटात शिरतो. खरंच शिरत होता का, ते मी सांगणार नाही. त्या झोपडीतलं कोणी कधी पकडलं गेलं नाही, एवढं मात्र खरं.

गुलामी संपली. बायना आणि तिची माणसं शहरात आली आणि मलाही घेऊन आली. शहराच्या पूर्वेला दलदलीच्या कडेची जमीन कोणाला नको होती. तिथे त्यांनी लाकडी घरं उभी केली. पाण्याकाठी बगळे, म्हणजे इंग्रजीत हेरॉन, उभे असत, म्हणून त्या गल्लीला हेरॉन लेन हे नाव पडलं. गल्लीच्या टोकाला त्यांनी स्वतःच्या हातांनी चर्च बांधलं, आणि चर्चच्या मागच्या अंगणात, ओकच्या झाडाखाली मला बसवलं. तिथे मी शंभराहून अधिक वर्षं राहिलो.

ती माझी सुखाची वर्षं. लग्न असो, बारसं असो, कोणाला मूठमाती देऊन माणसं परतलेली असोत, जेवण माझ्यातलंच असायचं. आणि दर ऑगस्टमध्ये एका शनिवारी सगळी गल्ली अंगणात जमायची. उकळत्या पाण्यात आधी मीठ, तिखट आणि तमालपत्र, मग बटाटे आणि मक्याची कणसं, मग सॉसेज, आणि शेवटी निळसर खेकडे आणि कोळंबी. लांब टेबलांवर वर्तमानपत्रं अंथरून त्यावर सगळं ओतायचं. ताटं नाहीत, काटे-चमचे नाहीत. डॉक्टर असो की गोदीतला हमाल, सगळ्यांची बोटं सारखीच माखायची.

बायनाच्या नंतर तिच्या लेकीने मला सांभाळलं, मग नातीने. असं होत होत मी व्हर्डेलच्या हाती आलो. व्हर्डेल शाळेच्या स्वयंपाकघरात काम करायची. लग्न केलं नाही. धाकटा भाऊ हेझेकाया याला आई गेल्यावर तिनेच वाढवलं. त्याला सगळे हेझी म्हणत. हेझीने आयुष्यभर शहरातल्या मोठ्या हॉटेलांमध्ये पाहुण्यांचं सामान उचललं. कोणाशीही वाद न घालणारा, "हो सर, हो मॅडम" म्हणत सामानाची गाडी ओढणारा माणूस. घरी आला की मात्र पाहुण्यांच्या अशा नकला करायचा, की अंगण हसून लोळायचं.

व्हर्डेल माझ्यापाशी उभी राहिली की मोठमोठे पुरुष दोन पावलं मागे सरत.

"मिस व्हर्डेल, मीठ जरा कमी वाटतंय," कोणीतरी दरवर्षी म्हणायचं.

"तुझ्या लग्नातही तू हेच म्हणाला होतास," ती मान वर न करता सांगायची, "आणि तुझ्या बायकोच्या वाट्याचेही खेकडे तूच खाल्लेस."

जेवणं उरकली की ती मला गरम पाण्याने धुवायची, जाळावर कोरडं करायची आणि फडक्याने आतून-बाहेरून चरबी चोळायची. बिडाला ओल सहन होत नाही, मित्रांनो. चोळता चोळता ती माझ्याशी बोलायची. कोण आजारी आहे, कोणाची पोर शिकायला अटलांटाला गेली, कोणी घर विकलं.

सुरुवातीला घर विकल्याची बातमी कधीतरी यायची. मग दर महिन्याला येऊ लागली. जी दलदल कोणाला नको होती, तिच्या काठाने आता शहराने फिरायला फरसबंदी रस्ता केला होता. तिथून नदी फार सुंदर दिसते, असं लोकांच्या लक्षात आलं होतं. हेरॉन लेनच्या घरांना नवे रंग लागले. ओट्यांवर झुलत्या खुर्च्या होत्याच, पण आता त्यांत दर आठवड्याला नवे, सुट्टीपुरतं घर भाड्याने घेतलेले पाहुणे बसत. त्यांना शेजारी कोण राहतं हे माहीत नसे आणि कळायच्या आत ते निघून जात.

एका ऑगस्टमध्ये आमच्या जेवणाच्या दिवशी आगीचा बंब आला. कोणी नव्या शेजाऱ्याने धूर दिसतो म्हणून फोन केला होता. बंबावरचा तरुण जवान अंगणात शिरला.

"काही जळतंय का इथे?" त्याने विचारलं.

"तुझ्या पोटात जळत असेल तर बस," व्हर्डेल म्हणाली. "बाकी सगळं ठीक आहे."

तो बसला, खेकडे खाल्ले, आणि जाताना ओशाळून म्हणाला, "बाई, पुढच्या वर्षी परवानगी काढा. मला पुन्हा यावं लागेल, आणि तेव्हा माझ्याबरोबर साहेब असतील."

सगळे हसले. व्हर्डेल हसली नाही.

पुढच्या काही वर्षांत चर्चमधले बाक रिकामे होत गेले. माणसं दूर, महामार्गापलीकडच्या वस्त्यांमध्ये राहायला गेली होती. रविवारी यायला दोन बस बदलाव्या लागत. छत गळत होतं. रेव्हरंड टॉलिव्हर हे आमचे धर्मगुरू. मऊ बोलणारे, जाडजूड, साठीचे गृहस्थ. त्यांनीच एका रविवारी विषय काढला. चर्चची इमारत एका हॉटेलवाल्यांना हवी होती. विकून आपण महामार्गापलीकडे नवं चर्च बांधू, माणसं आहेत तिथे देव नेऊ, असं त्यांचं म्हणणं होतं. ते वाईट मनाने बोलत नव्हते. पुढच्या महिन्यात सगळ्या सभासदांनी हात वर करून निर्णय घ्यायचा, असं ठरलं.

त्या महिन्यात व्हर्डेल घरी थांबलीच नाही. सत्तरी ओलांडलेली बाई, पायांना सूज, डोक्यावर रविवारची टोपी. ती बसमधून वस्ती-वस्ती फिरली. जुन्या सभासदांची दारं ठोठावली. परतल्यावर अंगणात येऊन माझ्या काठाला टेकायची आणि सांगायची.

"तो म्हणतो, त्या रविवारी मला दोन पाळ्या आहेत. ती म्हणते, मिस व्हर्डेल, तिथे आता गाडी लावायला जागा मिळत नाही. मी म्हटलं, अगं तुझी आई तिथे अनवाणी चालत यायची." "सगळ्यांनी मला चहा-बिस्किटं दिली, म्हाताऱ्या. येतो असं कोणी म्हणालं नाही."

म्हातारा म्हणजे मी.

तो रविवार उजाडला. खिडक्या उघड्या होत्या, म्हणून मला सगळं ऐकू येत होतं. काही माणसं व्हर्डेलच्या शब्दाखातर आली होती. आधी न विकणाऱ्यांचे हात मोजले, मग विकणाऱ्यांचे. विकणाऱ्यांचा एक हात जास्त भरला. तो हात हेझीचा होता.

"हेझी, हात खाली घे," व्हर्डेलचा आवाज आला.

"ताई, ऐक तरी."

"हात खाली घे म्हणते."

"दर पावसात मीच चढतो त्या छतावर," हेझी म्हणाला. "गेल्या वेळी पाय घसरला, ते तुला सांगितलं नाही. कोण येतं आता इथे? तू, मी, आणि गळणारं पाणी. रेव्हरंड नवीन बांधतो म्हणतात. तिथे माणसं येतील. हंडाही नेऊ. तुझा हंडा मी स्वतः नेईन."

"तुझा?" ती म्हणाली. "तो माझ्या एकटीचा आहे होय? तुझा कोणीच नाही?"

हेझीने हात खाली घेतला नाही.

सामान हलवायच्या दिवशी गाडी बाकांनी आणि वाजवायच्या पेटीने भरून गेली. माझ्यासाठी जागा उरली नाही. हेझी माझ्याजवळ आला, माझ्या कानावर हात ठेवला आणि म्हणाला, "उद्या येतो. उद्या फक्त तुलाच नेतो." दुसऱ्या दिवशी तो आला. मला फाटकाबाहेरून त्याचा आवाज ऐकू आला. पण फाटकाला नवं कुलूप होतं आणि रखवालदार नवा होता.

"एक हंडा राहिलाय आत," हेझी सांगत होता. "आमचा आहे. दहा मिनिटं लागतील."

"आता आतलं सगळं नव्या मालकांचं, काका. मला काही करता येत नाही."

हेझी "हो सर" म्हणाला. जन्मभराची सवय. मला त्याची पावलं दूर जाताना ऐकू आली.

त्या दिवसापासून व्हर्डेलने भावाशी बोलणं टाकलं.

मित्रांनो, यानंतरचं सांगताना मला जड जातं. चर्चच्या सभागृहात उपाहारगृह झालं आणि आमच्या अंगणात खुर्च्या-टेबलं आली. एक दिवस एक माणूस ड्रिल घेऊन आला. त्याने मला आडवं केलं आणि माझ्या तळाला चार भोकं पाडली. मग माझ्यात माती भरली आणि फुलझाडं लावली. पाणी साचून झाडं कुजू नयेत, म्हणून ती भोकं. तो माणूस शीळ घालत काम करत होता. त्याला दोष काय देणार? त्याला कोणी तरी फुलांची कुंडी करायला सांगितलं होतं, आणि कुंडी त्याने चांगली केली.

पाहुणे येत. माझ्यासमोर उभे राहून फोटो काढत. माझ्या काठावर पेले ठेवत. "किती जुना आहे ना," असं म्हणत. माझी इतकी स्तुती आधी कधी झाली नव्हती. आणि आत ओल्या मातीखाली मी दिवसेंदिवस गंजत होतो.

व्हर्डेल एकदा आली. तीच रविवारची टोपी घालून. हॉटेलची व्यवस्थापक एक तरुण गोरी बाई होती, नम्र बोलणारी. तिने व्हर्डेलला बसायला खुर्ची दिली. व्हर्डेल बसली नाही.

"हा हंडा आमचा आहे," ती म्हणाली. "मी न्यायला आले आहे."

"मी समजू शकते, मॅडम. पण इमारतीबरोबर आतलं सगळं आमच्याकडे आलं."

"मीही सत्तर वर्षं आतच होते. मला कसं नाही घेतलंत?"

ती तरुणी गोंधळली. मग म्हणाली, "आपण असं करू या का? इथे एक छान पाटी लावू. या हंड्याची माहिती, आणि तुमचं नावही."

"नाव काय लावता? मेले नाही मी अजून."

मग ती खाली वाकली. माझ्या पायांमधून मातीचं पाणी ठिबकत होतं. तिने हात घालून चाचपलं, आणि तिचं बोट एका भोकात गेलं. ती तशीच वाकून राहिली. तरुणी विचारत होती, मॅडम, तुम्हाला बरं वाटत नाही का, पाणी आणू का. व्हर्डेलने बोट बाहेर काढलं, कोटाला पुसलं आणि काही न बोलता निघून गेली. इतक्या वर्षांत ती माझ्याशी एक शब्द न बोलता गेली, असं त्याच दिवशी झालं.

त्यानंतर तिची प्रकृती ढासळली. हृदय दमलं होतं. डॉक्टरांनी काही दिवस ठेवून घरी पाठवलं, आता घरीच बरं म्हणून. घर म्हणजे महामार्गाजवळच्या एका इमारतीतल्या तळमजल्यावरच्या दोन खोल्या. हे मला पुढे कळलं. रेव्हरंड टॉलिव्हरनी हेझीला जाऊन सांगितलं की तुझी बहीण जेवत नाही, विचारलं तर म्हणते अंगणातले खेकडे असते तर खाल्ले असते.

नवं चर्चही उभं राहिलं नव्हतं. एका बंद पडलेल्या चपलांच्या दुकानात प्रार्थना चालत होती. रेव्हरंडना त्याची लाज वाटत होती, ती त्यांनी बोलून दाखवली नाही. पण हेझीने जे मागितलं त्याला ते नाही म्हणाले नाहीत.

दुपारची वेळ. अंगण पाहुण्यांनी भरलेलं. फाटकातून हेझी आत आला. अंगात चमकत्या पट्ट्यांचं कामगारांचं जाकीट, डोक्यावर टोपी, हातात सामान वाहायची दोन चाकांची गाडी. तो घाईत नव्हता. त्याने जमिनीवर कागद पसरला, माझ्यातली फुलझाडं मुळांसकट अलगद काढून एका खोक्यात नीट लावली, माती पिशव्यांत भरली, सांडलेली झाडून घेतली. कोणी त्याच्याकडे पाहिलं नाही. काम करणाऱ्या काळ्या म्हाताऱ्याकडे त्या अंगणात कोण पाहणार?

एकाने पाहिलं. तो जवळ येऊन म्हणाला, "ऐका, स्वच्छतागृह कुठे आहे?"

"आत जाऊन डावीकडे, सर," हेझी म्हणाला. "पायरीवर जपून. ती पूर्वीपासून उंच आहे."

मग त्याने मला कसंबसं गाडीवर तिरकं घेतलं, पट्टा आवळला आणि ढकलू लागला. त्याच्या छातीतली घरघर मला ऐकू येत होती. फाटकाशी एका वेटरने धावत येऊन दार धरलं. हेझी म्हणाला, "आभारी आहे, बाळा."

बाहेर रेव्हरंड टॉलिव्हर उसन्या ट्रकमध्ये इंजिन चालू ठेवून बसले होते. त्यांना घाम फुटला होता. मला चढवताना त्यांच्या कॉलरचं बटण तुटलं.

"परमेश्वरा, मला क्षमा कर," ते म्हणाले. "आणि हेझी, लवकर बस."

पुढच्या आठवड्यात त्या अंगणात हुबेहूब माझ्यासारखा प्लास्टिकचा हंडा आला, असं रेव्हरंडनी नंतर सांगितलं. मला शोधायला कोणी आलं नाही.

इमारतीमागे थोडी मोकळी जागा होती. तिथे व्हर्डेल खुर्चीत बसली होती. मी तिला ओळखलंच नाही. टोपीखाली चेहरा अगदी एवढासा झाला होता. हेझीने मला तिच्यासमोर उतरवलं आणि बाजूला उभा राहिला. तिने माझ्या गंजावरून बोट फिरवलं.

"कोणी केली ही तुझी दशा?" तिने विचारलं.

"हॉटेलवाल्यांनी," हेझी म्हणाला.

"मी तुला विचारलं नाही. त्याला विचारलं."

थोड्या वेळाने ती पुन्हा माझ्याकडे बघतच म्हणाली, "चार बोल्ट आण. प्रत्येकाला दोन बाजूंनी वॉशर लाव. आणि चरबी आण, दुकानातलं तेल नको."

इतक्या वर्षांनी बहीण त्याच्याशी बोलली होती. तो धावतच गेला.

त्यांनी मला दोन दिवस घासलं. ती खुर्चीतून सांगायची, तो घासायचा. शनिवारी रेव्हरंडनी जुन्या माणसांना निरोप धाडले. थोडीच आली. एक न्हाव्याची विधवा, शाळेच्या स्वयंपाकघरातली व्हर्डेलची एक मैत्रीण, आणि ज्याला दरवर्षी मीठ कमी वाटायचं तो, आता काठी टेकत. माझ्याखाली लाकडं पेटली. किती दिवसांनी माझ्या अंगाला जाळ लागला, मित्रांनो. मला वाटलं, मी अजून कामाचा आहे.

पण बोल्टांनी धरलं नाही. बीड तापलं तसे भोकांतले बोल्ट सैल झाले आणि पाणी जाळावर ठिबकू लागलं. जाळ चुरचुरत होता, विझू पाहत होता. हेझी स्वयंपाकघरातून उकळतं पाणी आणून आणून ओतत होता. बटाटे शिजले, कणसं शिजली. खेकडे पडले, आणि तेवढ्यात गळती वाढली. पाणी भराभर खाली जाऊ लागलं. माझा तळ कोरडा पडून लाल व्हायला लागला. स्वयंपाकघरातलं गरम पाणी संपलं होतं. हेझीने नळाखालची बादली उचलली.

"गार नको," व्हर्डेल खुर्चीतून उठायचा प्रयत्न करत म्हणाली. "हेझी, गार नको. गार नको म्हणते ना."

पण त्याचं लक्ष फक्त खेकड्यांकडे होतं. ते करपले तर ती आजही जेवणार नाही, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. त्याने बादली ओतली.

बंदूक उडावी तसा आवाज झाला. काठापासून तळापर्यंत मला तडा गेला. उरलंसुरलं पाणी जाळावर पडलं आणि वाफेचा लोट हेझीच्या हातावर आला.

हेझी बादली धरून उभाच होता. मग तो खाली बसला आणि लहान पोरासारखा रडू लागला. "मी सगळंच मोडतो, ताई," तो म्हणत होता. "ज्याला हात लावतो ते मोडतं."

"इकडे ये," व्हर्डेल म्हणाली.

तो गुडघ्यांवर सरकत गेला. तिने त्याचा भाजलेला हात धरला आणि बादलीत उरलेल्या पाण्यात बुडवला.

"गार पाणी यासाठी असतं, वेड्या," ती म्हणाली. तिने तो हात पाण्यात तसाच धरून ठेवला. दुसऱ्या हाताने त्याचं डोकं आपल्या मांडीवर दाबलं. "छतावरून पाय घसरला होता, ते का नाही सांगितलंस मला?"



खेकडे निम्मे शिजले होते. मैत्रिणीने ते आत नेऊन गॅसवर पुरते शिजवले. व्हर्डेलने एक खाल्ला. सावकाश, एकेक नांगी फोडून, काही न सोडता. मी तडकलेला, माझ्याखालचा जाळ विझलेला, आणि ती माझ्याकडे पाहत जेवत होती.

महिना संपायच्या आत ती गेली.

हेरॉन लेनच्या माणसांची जुनी दफनभूमी शहराबाहेर आहे. आमच्याकडे रीत अशी की माणसाने शेवटी वापरलेली वस्तू त्याच्या थडग्यावर ठेवायची. ती धड ठेवत नाहीत, फोडून ठेवतात. म्हणजे तीही त्या माणसाबरोबर जाते, आणि मरणाची साखळी तिथे तुटते, नाहीतर एकामागून एक घरातली माणसं जातात, असं म्हणतात. म्हणून इथे फुटक्या कपबश्या आहेत, काचा गेलेले कंदील आहेत, बंद घड्याळं आहेत, औषधाच्या बाटल्या आहेत, शिंपले आहेत. हेझी आणि रेव्हरंडनी मला व्हर्डेलच्या थडग्याच्या पायथ्याशी आणून ठेवलं. मला फोडावं लागलं नाही.

इथे मी समाधानाने राहिलो असतो. पण आता दफनभूमीच्या भोवतीही नवी घरं आली आहेत. गवत कापायचं काम कोणा कंत्राटदाराकडे गेलं आहे. त्याच्या माणसाच्या यंत्रात कपबशीचे तुकडे अडकतात. गेल्या उन्हाळ्यात तो हेझीला म्हणाला, "काका, हा सगळा कचरा इथून हलवायचा हुकूम आहे. फक्त दगड राहतील."

"हा कचरा नाही," हेझी म्हणाला. "तो कप माझ्या आईचा. ते घड्याळ तिच्या भावाचं. आणि हा हंडा माझ्या बहिणीचा."

"मला कसं कळणार, काका? कशावरच नाव नाही."

"म्हणून तर मी इथे बसतो."

तेव्हापासून गवत कापायच्या दिवशी हेझी घडीची खुर्ची घेऊन यायचा आणि थडग्यांमध्ये बसायचा. यंत्र जवळ आलं की हात वर करायचा. तो माणूस वैतागायचा, पण वळसा घालून जायचा. हेझीला आता फार चालवत नव्हतं. प्रत्येक वेळी खुर्चीतून उठायला त्याला आधीपेक्षा जास्त वेळ लागायचा. त्याच्यामागे हे कोण सांगणार, याची काळजी तो मला बोलून दाखवायचा. रेव्हरंड मुलीकडे उत्तरेला गेले. न्हाव्याची विधवा इथेच, तिसऱ्या रांगेत आहे.

आज गवत कापायचा दिवस होता. सकाळपासून मी फाटकाकडे पाहत होतो. हेझी आला नाही. तो कधी येत नाही असं होत नाही.

तो माणूस आला. त्याने इकडेतिकडे पाहिलं, खुर्ची कुठे दिसते का ते पाहिलं. थोडा वेळ थांबलाही, हे मला सांगितलंच पाहिजे. मग त्याने कपबश्या गोळा करून गोणीत टाकल्या. घड्याळ टाकलं. शिंपले खोऱ्याने ओढले. माझा कान धरून मला उचलायला गेला, पण मी हललो नाही. एकट्याला मी पेलत नाही. तो कपाळ पुसत फाटकाबाहेर गेला. आणखी एकाला आणायला गेला असणार.

मित्रांनो, मला पुन्हा कोणी रांधायला घ्यावं, असं माझं मागणं नाही. मला घासूपुसूही नका. पण तुमच्या गावाबाहेर, तुमच्या घरामागे, कुठे एखादी फुटकी, गंजलेली वस्तू दिसली, तर ती उचलण्याआधी एवढं विचारा की ही कोणाची. विचारलं तर सांगणारं कोणीतरी अजून असतं. फार दिवस नसतं.

फाटकाशी गाडी थांबल्याचा आवाज आला आहे. दोन माणसं बोलत येत आहेत. तुमच्यापैकी कोणी जवळपास असाल, तर पुढे व्हा आणि त्यांना सांगा की हा हंडा व्हर्डेलचा आहे.